रामगढात आपला मोहल्ला कुठी हाये?

१९८६ सालच्या जयंतीची गोष्ट. मोहल्ल्यातल्या पोरांनी वर्गणी केली आणि भंडाऱ्याहून रंगीत टी.व्ही. अन् व्ही.सी.आर. भाड्यानं आणला. त्या काळी ही पद्धतच पडली होती. दिवसा मिरवणूक, संध्याकाळी भाषणं आणि रात्री विहारापुढच्या अंगणात पोती अंथरून सिनेमा. पहिलाच लागला 'शोले'. पोरांना सगळे संवाद पाठ. गब्बर तोंड उघडायच्या आधी पोरंच बोलून मोकळी व्हायची.

माझी मोठी माय शेजारी बसलेली. सत्तरीची बाई. आयुष्यभर बिड्या वळल्या, शाळेचं तोंड पाहिलं नाही. तिनं बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं आणि मला विचारलं, "हा ठाकूरचा वाडा झाला. ते देऊळ झालं. ते मशीद झाली. पान्याची टाकी झाली. मंग ह्या गावात आपला मोहल्ला कुठी हाये, बाबू?"

पोरं खो खो हसली. मीही हसलो. म्हटलं, "मोठी माय, सिनेमात जात नसते."

ती म्हणाली, "जात नसते तं मंग ठाकूर कोन व्हय?"

मी तेव्हा बी.ए. होतो. चार पुस्तकं वाचलेला. तरी उत्तर आलं नाही. या गोष्टीला आता चाळीस वर्षं होत आली. मोठी माय गेली, व्ही.सी.आर. गेला. प्रश्न मात्र अंगणातच बसून आहे. एखादी गोष्ट न दाखवणं हे खोटं बोलणं होतं काय? आपण रोज पंचशील घेतो. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. जो बोललाच नाही, गप्प राहिला, त्यानं ते शील मोडलं की नाही? हा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे.

सुरुवात नावापासून करू. मुंबईच्या हिंदी सिनेमाला आज जग 'बॉलिवूड' म्हणतं. १९३२ साली विल्फर्ड डेमिंग नावाच्या एका अमेरिकन अभियंत्यानं कलकत्त्याच्या टॉलीगंजमधल्या स्टुडिओंना थट्टेनं 'टॉलिवूड' म्हटलं. पुढं १९७० च्या दशकात त्याच चालीवर मुंबईच्या सिनेमाला 'बॉलिवूड' हे नाव पडलं. १९९५ साली बॉम्बेचं मुंबई झालं, पण या नावातला 'ब' काही निघाला नाही. सिनेमातल्या कितीतरी नामवंतांना हा शब्द खुपतो. ते म्हणतात, हे नाव आम्ही घेतलेलं नाही, दुसऱ्यांनी आमच्यावर लादलं. आम्ही कोणाची तरी नक्कल आहोत असं त्यातून ध्वनित होतं.

त्यांचं म्हणणं मला पटतं. अगदी मनापासून पटतं. कारण मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे, आणि ते अंतर आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आम्हाला अस्पृश्य म्हटलं, अतिशूद्र म्हटलं, डिप्रेस्ड क्लास म्हटलं, हरिजन म्हटलं. आम्हाला कोणी विचारलं होतं? १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालायचा घाट घातला गेला, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांच्या पक्षाचे आमदार विरोध करून सभागृहाबाहेर पडले. आमचं नाव काय असावं ते आम्हाला ठरवू द्या, एवढीच मागणी होती. बहुमतानं ती फेटाळली. म्हणजे बघा, ज्याच्याबद्दल शब्द आहे त्याचं मत बाजूला, आणि ज्यांच्याबद्दल नाही त्यांचं बहुमत.

तेव्हा सिनेमावाल्यांनो, नाव दुसऱ्यानं ठेवलं की कसं झोंबतं हे तुम्हाला कळतं, हे चांगलंच झालं. आता तुम्ही इतरांची नावं कशी ठेवता तेही पाहू.

आमच्या भंडारा जिल्ह्यापासूनच पाहा. सिनेमाच्या धंद्यात सगळा देश 'सर्किट'मध्ये वाटलेला असतो. कोणता सिनेमा कुठं किती चालला याचा हिशेब त्या वाटणीप्रमाणं होतो. त्या वाटणीत आम्ही 'सीपी बेरार'. हा प्रांत १९५० साली कागदावरून गेला. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९९९ साली आमच्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. धंद्याच्या वहीत मात्र आम्ही इंग्रजाच्या प्रांतातच. पुढं प्रेक्षकांचीही प्रतवारी. मोठं शहर म्हणजे 'ए' सेंटर, आमच्यासारखं गाव म्हणजे 'सी' सेंटर. चांगल्या कपड्यातला प्रेक्षक 'क्लास', आणि शिट्टी मारणारा 'मास'. वर्णव्यवस्था मोडली म्हणणाऱ्यांनी तिकीटखिडकीवर नवी मांडली. शिट्टी मारणाऱ्याच्या पैशावर धंदा चालायचा, पण सिनेमा वाईट निघाला की दोष त्याच्याच माथी. म्हणे, 'पब्लिकला हेच पाहिजे.'

आता माझ्या विरोधात जाणारी गोष्ट सांगतो, कारण ती लपवली तर मीही त्याच रांगेत जाऊन बसेन. या सिनेमानं आम्हाला काही दिलंही. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. मंडईच्या दिवसांत तंबूचा सिनेमा यायचा. बसायला जमीन. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, मध्ये दोरी. पण त्या अंधारात पाटलाचं पोरगं आणि मी एकाच धुळीत बसायचो. तो ओढायचा ती बिडी कदाचित माझ्या मायनंच वळलेली असायची. गावात ज्याच्या ओट्यावर बसायची सोय नव्हती त्याच्या मांडीला मांडी लागायची. दिवा लागला की दोघं उठून आपापल्या दिशेनं जायचो. तीन तासांची समता होती, पण होती.

आणि पडद्यावर विजय होता. अमिताभचा विजय. आमच्या मोहल्ल्यात त्या दहा वर्षांत जन्मलेल्या पोरांची नावं पाहा. सिद्धार्थ, राहुल, गौतम ही धम्माची, आणि विजय, राजेश, जितेंद्र ही सिनेमाची. 'दीवार' १९७५ चा. त्यातला विजय लहानपणी रस्त्यावर बूट पॉलिश करतो आणि फेकलेले पैसे उचलत नाही. त्याची माय डोक्यावर विटा वाहते. मोठा होऊन तो गोदीत हमाली करतो. हे पाहताना आमच्या छातीत काहीतरी हलायचं. वाटायचं, हा आपलाच आहे. विटा वाहणारी माय आम्ही घरी पाहिली होती. फेकलेला पैसा उचलू नको असं आमच्याच बापानं सांगितलं होतं.

पण त्याचं आडनाव काय होतं? वर्मा. 'जंजीर'मधल्या विजयचं? खन्ना. कष्ट सारे आमचे, अपमान आमचा, राग आमचा, आणि आडनाव वर्मा. हा फरक लहान नाही. लेखकांनी मुद्दाम कट केला असं मी म्हणत नाही. त्यांना बहुधा सुचलंच नसेल. तेच मोठ्या मायचं म्हणणं होतं. रामगढ वसवताना दगडांच्या टेकड्यांत अख्खं गाव उभं केलं. देवळाची आठवण झाली, मशिदीची झाली, टांगेवाली झाली. गावकुसाबाहेरच्या वस्तीची आठवण झाली नाही. ठाकूरचं नाव मात्र सगळ्या गावाच्या तोंडी 'ठाकूर'च. म्हणजे जात होती. वरची होती म्हणून ती जात वाटली नाही, माणसाचं नाव वाटलं.

'हिरोला जात नाही' असं आपण म्हणतो तेव्हा हेच घडतं. ज्याला विचारलं जात नाही, त्याला जात नाही असं वाटतं. विचारलं कोणाला जातं ते मी सांगतो. अनुभवाचं आहे.

१९८८ साली मला नागपुरात एका खाजगी कचेरीत कारकुनी मिळाली. खोली शोधायला लागलो. आमच्याकडची रामटेके, गजभिये, खोब्रागडे ही आडनावं ऐकली की पूर्व विदर्भात पुढचं काही विचारावं लागत नाही. माझं त्यातलंच. तीन ठिकाणी खोली 'कालच गेली' होती. चौथ्या ठिकाणी घरमालकानं विचारलं, "पूर्ण नाव?" मी नाव सांगितलं आणि थांबलो. सिनेमातला विजय थांबतो तसा. तो म्हणाला, "आडनाव?" मी भलतंच सांगितलं. खोली मिळाली.

अकरा महिने त्या आडनावानं राहिलो. बाबासाहेबांचा फोटो पेटीत, कपड्यांच्या खाली. एकदा बा भेटायला आला. मी त्याला आधीच चौकात गाठून बजावून ठेवलं होतं की दारात 'जय भीम' म्हणू नको. तो काही बोलला नाही. आला, बसला, चहा घेतला. भिंतीकडे पाहत राहिला. संध्याकाळच्या गाडीला पोचवायला गेलो तेव्हा खिडकीतून एवढंच म्हणाला, "फोटो कुठी हाये?" मी म्हटलं, पेटीत. गाडी निघाली.

मी शील मोडलं. यात शंका नाही. कोणी म्हणेल, परिस्थितीच तशी होती. होती. तरी मोडलं. त्या घरमालकाचा माझ्यापेक्षा मोठा दोष आहे, पण माझा माझ्याजवळ आहे. मात्र त्या अकरा महिन्यांत मला एक गोष्ट कळली, जी बी.ए.च्या पुस्तकांत नव्हती. गप्प राहणं दोन प्रकारचं असतं. एक भीतीचं, दुसरं सुखाचं. मी आडनाव लपवलं तेव्हा रोज रात्री मला ते आठवायचं. टपाल आलं की छातीत धस्स व्हायचं. सिनेमानं आमची वस्ती दाखवली नाही तेव्हा त्याला काहीच आठवलं नाही, काहीच धस्स झालं नाही. भीतीनं गप्प बसणारा स्वतःला दुखावतो. सुखानं गप्प बसणारा दुसऱ्याला पुसून टाकतो, आणि त्याला पुसल्याचा पत्ताही नसतो. माझ्या मते दुसरं खोटं जास्त मोठं आहे. कारण पहिल्यात निदान सत्य ठाऊक असतं.

यावर कोणी म्हणेल, हिंदी सिनेमानं आमच्यावर चित्रपट काढलेच की. काढले. १९३६ ला बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. देविकाराणी अस्पृश्य फाटकवाल्याची मुलगी झाली, ब्राह्मणाच्या पोरावर जीव लावला आणि शेवटी रेल्वेखाली मेली. १९५९ ला बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. सुजाता रक्त देऊन सवर्ण मायला वाचवते, मग ती मुलगी ठरते. सिनेमे प्रामाणिक आहेत, सुंदर आहेत. पण नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६ ला तीनच वर्षं झाली होती. लाखो माणसांनी उभं राहून आपला धर्म बदलला होता, आणि पडद्यावरची अस्पृश्य मुलगी अजून आपलं रक्त जुळतं की नाही याची परीक्षा देत होती. २००१ ला 'लगान' आला. त्यात आमच्या माणसाचं नाव काय? कचरा. कथा १८९३ ची आहे. तेव्हा अशी नावं होती, हे मान्य. आमच्याही आज्यापणज्यांत होती. आमच्या बापांनी ती टाकून पोरांना सिद्धार्थ केलं. पण कचरा संघात येतो कसा? भुवन त्याला घेतो म्हणून. गाव आधी हात लावायला तयार नाही, भुवन भाषण करतो, गाव मानतं. कचरा स्वतः काय म्हणाला ते कोणाला आठवतं?

इथं मला आमच्या जिल्ह्याची १९५४ ची पोटनिवडणूक आठवते. बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेला राखीव जागेवर उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब हरले, काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. बोरकरही आपल्याच समाजाचे. त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण रीतीशी आहे. जागा आमच्या नावाची, पण तिच्यावर कोण बसेल हे ठरवणारी मतं बहुसंख्याकांची. पुणे करारापासून बाबासाहेब हेच सांगत आले. आमचा चेहरा असणं वेगळं, आणि आमचा आवाज असणं वेगळं. कचरा हा पडद्यावरच्या राखीव जागेवर दुसऱ्यांच्या मतांनी निवडून आलेला माणूस आहे.

तर मग नाव घेतलं काय अन् नाही घेतलं काय, सारखंच? नाही. नाव न घेतल्यानं काय होतं ते आम्ही आमच्याच जिल्ह्यात पाहिलं आहे.

२९ सप्टेंबर २००६. मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली माय, लेक आणि दोन मुलगे, चार माणसं गावानं मारली. बाप तेवढा वाचला. आधी कित्येक दिवस बातमीला आडनावच नव्हतं. 'गावातलं भांडण', 'शेतातल्या रस्त्याचा वाद', आणि जे लिहवत नाही तेही त्या मायबद्दल बोललं गेलं. मोर्चे निघाले तेव्हा कुठं देश जागा झाला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, त्यातल्या सहा जणांना फाशी दिली. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम लागलं नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद केली आणि तिथंही जातीचं कारण मानलं नाही. कारण म्हणून शब्द आला, सूड.

सूड! मी तो शब्द वाचला तेव्हा मला विहारापुढचं अंगण आठवलं. 'शोले' सूडाचाच सिनेमा आहे. 'जंजीर' सूडाचा. आमची अर्धी पिढी सूडाच्या गोष्टींवर वाढली, ज्यांत एक वाईट माणूस असतो, एक चांगला माणूस असतो, दोघांचं वैर असतं आणि गाव बाजूला उभं राहून पाहतं. गावाचा दोष नसतो. गावाला जात नसते. सिनेमामुळं न्यायालयानं असं म्हटलं, इतकं भाबडं बोलायला मी तयार नाही. पण ज्या डोळ्यांना रामगढात आमचा मोहल्ला दिसत नाही, त्याच डोळ्यांना खैरलांजीत जात दिसत नाही. डोळे एकच आहेत. पडद्यावर ते करमणूक करतात, निकालपत्रात ते माणसाच्या मरणाचं कारण बदलतात. मोठ्या मायचा प्रश्न हसण्यावारी नेणारा मी, त्या दिवशी भंडाऱ्याच्या मोर्चात चालताना मान खाली घालून चालत होतो.

गेल्या काही वर्षांत थोडं हललं आहे, हेही सांगितलं पाहिजे. २०१३ ला नागराज मंजुळेंचा 'फँड्री' आला. शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई, आणि त्या भिंतीपुढून डुक्कर वाहून नेणारं कुटुंब. २०१६ ला 'सैराट' आला. त्याचंच २०१८ ला हिंदीत 'धडक' झालं, आणि हिंदीत जाताना जात वाटेतच कुठंतरी गळून गेली. २०२२ ला 'झुंड' आला. नागपूरची झोपडपट्टी, आमच्यापासून साठ किलोमीटरवर. त्यात जयंती आहे आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं अमिताभ उभा आहे. सिनेमातलं त्याचं नाव? विजय. 'दीवार'नंतर सत्तेचाळीस वर्षांनी विजय आमच्या वस्तीत आला. मी थिएटरात रडलो, लाजायचं काय त्यात. पण त्याला कोणी आणलं ते विसरू नका. गोष्ट सांगणारा त्या वस्तीची भाषा जाणणारा होता, म्हणून कॅमेरा तिकडं वळला.

आणि लगेच खूश होऊन बसायचं कारण नाही. २०२५ साली महात्मा फुल्यांवरचा हिंदी 'फुले' हा चित्रपट त्यांच्या जयंतीला, ११ एप्रिलला यायचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले. सेन्सॉरनं जातींची नावं आणि पेशवाईचा उल्लेख काढायला लावला. चित्रपट २५ एप्रिलला आला. जातीविरुद्ध आयुष्य घालवणाऱ्या माणसाच्या चित्रपटातून जातींची नावं काढायची! रोग्याच्या कागदावरून रोगाचं नाव खोडलं की रोगी बरा होतो काय? बिडीच्या कारखान्यात चेकर छाट काढायचा, मायच्या शंभर बिड्यांतल्या दहा बाजूला टाकायचा. त्या दहांची मजुरी नाही. पण बिड्या वळलेल्याच असायच्या, हात दुखायचेच.

म्हणून मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. जात जायला हवी, यात आपल्यात दुमत नाही. पण तिचं नाव न घेतल्यानं ती जात नाही, ती फक्त ज्याला टोचत नाही त्याच्या नजरेआड होते. जात सोडण्याचा मान आधी ज्यांना तिचा लाभ झाला त्यांनी घ्यावा. ठाकूरनं आधी ठाकूरपण सोडावं, मग आमच्या मोहल्ल्याचं नाव विचारू नये. तोवर नाव घेणं हेच खरं बोलणं आहे. आणि ते नाव आमच्या तोंडून यावं, कोणा भुवनच्या कृपेनं नव्हे.

बारावा महिना लागायच्या आधी मी ती खोली सोडली. पुढची खोली मिळायला दोन महिने लागले, तोवर एका मित्राच्या वऱ्हांड्यात झोपलो. नव्या खोलीत पहिला खिळा ठोकला तो फोटोसाठी. बाला पत्र टाकलं. त्याला वाचता येत नव्हतं, शेजारच्या पोरानं वाचून दाखवलं. पत्रात दुसरं काही नव्हतं. फोटो भिंतीवर आहे, एवढंच होतं, आणि खाली माझं पूर्ण नाव.